मरजान आणि त्याचे भाऊबंद

सूरह रहमानमध्ये मोत्याच्या जोडीने 'मरजान'चा उल्लेख येतो. मरजान म्हणजे पोवळे. आपण ते अंगठीत जडवतो, त्याच्या मण्यांची तसबीह फिरवतो, मुलांची नावेही त्यावरून ठेवतो. पण हा 'दगड' खाणीत सापडत नाही. तो समुद्रातल्या एका इवल्याशा प्राण्याचा सांगाडा आहे. या प्राण्याचे भाऊबंद आपल्याही किनाऱ्यावर राहतात: डंख करणारी जेलीफिश आणि खडकातल्या डबक्यात फुलासारखे उमलणारे समुद्रफूल.

शास्त्रज्ञ या कुटुंबाला 'निडारिया' म्हणतात. त्यात दहा हजारांहून अधिक जाती आहेत. यांना मेंदू नाही, हृदय नाही, रक्तही नाही. शरीराला दार एकच. अन्न त्यातून आत जाते आणि उरलेले त्यातूनच बाहेर पडते. एक छत्रीसारखा, दुसरा फुलासारखा, तिसरा खडकासारखा दिसतो, पण घडण सारखीच. पिशवीसारखे अंग आणि तोंडाभोवती शुंडके, म्हणजे सोंडेसारखे लवचीक धागे. ही पिशवी खडकाला चिकटून तोंड वर करून बसली की समुद्रफूल किंवा प्रवाळ. उलटी होऊन पाण्यात तरंगू लागली की जेलीफिश. अनेक जेलीफिश तर लहानपणी खडकाला चिकटून वाढतात आणि मग सुटून पोहू लागतात.

डंख कसा बसतो?

या साऱ्यांचे हत्यार एकच आहे. शुंडकांवर असंख्य सूक्ष्म पेशी असतात. प्रत्येक पेशीत एक कुपी आणि कुपीत गुंडाळलेला पोकळ धागा. स्पर्श झाला की तो बाणासारखा सुटतो आणि भक्ष्याच्या अंगात विष सोडतो. याच कुटुंबातल्या हायड्राच्या धाग्याचा वेग मोजला, तेव्हा तो सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी वेळात सुटतो असे आढळले. या कुप्यांना मेंदूच्या हुकमाची गरज नसल्यामुळे वाळूवर मरून पडलेली जेलीफिशही डंख करू शकते.

पावसाळ्यात मुंबईच्या चौपाट्यांवर निळ्या फुग्यासारखे 'ब्लू बॉटल' वाहून येतात. ऑगस्ट २०१८ मध्ये त्यांनी अनेकांना डंख केला होता. हा खऱ्या अर्थाने जेलीफिश नाही. एकमेकांना जोडलेल्या अनेक छोट्या जिवांची ती वसाहत असते. मुलांना तो खेळण्यातला फुगा वाटतो, म्हणून आधीच सांगून ठेवावे.

डंख बसलाच तर जागा चोळू नये आणि नळाचे थंड पाणी ओतू नये. त्यामुळे न फुटलेल्या कुप्याही फुटू शकतात. समुद्राच्याच पाण्याने धुवावे, चिकटलेले धागे चिमट्याने काढावेत. मग सोसेल इतक्या गरम पाण्यात ती जागा वीसेक मिनिटे ठेवल्यास वेदना कमी होतात. पाणी मोठ्या माणसाने आधी स्वतःच्या हातावर पाहून घ्यावे. श्वास लागला, उलट्या झाल्या किंवा अंगावर सूज पसरली तर थेट दवाखाना गाठावा.

दगडातला संसार

दागिन्यातले लाल पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातून येते. त्याची जाडी वर्षाला एक मिलिमीटरही वाढत नाही. अंगठीतल्या खड्यामागे कित्येक वर्षांची वाढ असते.

उथळ, उबदार समुद्रात खडक बांधणाऱ्या प्रवाळांची गोष्ट निराळी. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. शैवाल सूर्यप्रकाशात अन्न तयार करून त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. प्रवाळ त्याला आसरा देतो. या भागीदारीवर उभे राहिलेले खडक समुद्रतळाचा एक टक्काही व्यापत नाहीत, पण समुद्रातल्या जवळजवळ पाव जाती त्यांच्या आधाराने जगतात. हज-उमराहला जाताना जेद्दाहला उतरणाऱ्यांनी जुन्या अल-बलद भागातली लाकडी सज्जांची घरे पाहिली असतील. त्यांच्या भिंती तांबड्या समुद्रातल्या याच प्रवाळांच्या दगडाच्या आहेत.

पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद-दुसऱ्या अंशाने जास्त तापून काही आठवडे तसेच राहिले, तर ही भागीदारी मोडते. शैवाल बाहेर पडते आणि प्रवाळ पांढरा पडतो. तो लगेच मरत नाही, पण उपाशी राहतो. पाणी वेळेत निवले नाही तर दगावतो. लक्षद्वीपच्या प्रवाळांनी हे १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये सोसले. आपल्याकडची हजारो माणसे ज्या आखाती देशांत कमावतात, तिथले प्रवाळ उन्हाळ्यात ३५ अंशांपर्यंतचे पाणी सोसतात. म्हणूनच शास्त्रज्ञ त्यांचा बारकाईने अभ्यास करतात. मात्र त्यांच्या सहनशक्तीलाही सीमा आहे. तेही पांढरे पडले आहेत.

आपल्या किनाऱ्यावरही प्रवाळ आहेत. मालवणच्या समुद्रात ते आहेत आणि मुंबईत हाजी अलीजवळच्या खडकांवरही. सागरी किनारा मार्गाच्या कामासाठी २०२० मध्ये हाजी अली व वरळी इथल्या १८ प्रवाळ वसाहती उचलून दुसरीकडे बसवाव्या लागल्या. खडक बांधणाऱ्या प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षण आहे. ते तोडणे किंवा त्यांचे तुकडे विकणे हा गुन्हा आहे.

तेव्हा सहलीत कोणी प्रवाळाचा तुकडा विकायला आणला, तर तो घेऊ नये. ओहोटीला मुलांना खडकांवर जरूर न्यावे. डबक्यात उमललेले समुद्रफूल दाखवावे. फक्त त्यावर पाय पडू देऊ नये आणि बोटही लावू देऊ नये. ते कसे आक्रसते, एवढे पाहायलाही मुले तासभर बसतील.