थोरल्या भावाच्या छापखान्यात

सख्ख्या थोरल्या भावाच्या हाताखाली धंदा शिकणे जितके सोयीचे तितकेच अवघड असते, हे व्यापारी घराण्यांना वेगळे सांगावे लागत नाही. बेंजामिन फ्रँकलिन हे नाव अमेरिकेचा मुत्सद्दी आणि विजेचा अभ्यासक म्हणून आपल्या परिचयाचे आहे. परंतु आपल्या मृत्युपत्राच्या आरंभी त्याने नावापुढे पहिला शब्द लिहिला तो ‘मुद्रक’. हा धंदा तो शिकला थोरला भाऊ जेम्स याच्या छापखान्यात. आणि आयुष्यातील पहिली मोठी चूकही त्याने तेथेच केली.

बेंजामिनचा जन्म १७०६ साली बोस्टन येथे झाला. वडील जोसाया मेणबत्त्या व साबण करीत. सतरा मुलांच्या संसारात शिक्षणाला फारसा पैसा उरत नसे, म्हणून दहाव्या वर्षी शाळा सुटली आणि मुलगा वडिलांच्या दुकानात आला. तेथे त्याचे मन रमेना. त्याला समुद्रावर जायचे होते. हे वडिलांना पसंत नव्हते. परंतु त्यांनी त्याला दुकानात डांबून ठेवले नाही. ते त्याला बरोबर घेऊन गावात फिरत आणि सुतार, गवंडी, कातारी, तांबट यांची कामे दाखवीत. मुलाची नजर कोठे रेंगाळते हे त्यांना पाहायचे होते. अखेर त्याची वाचनाची ओढ ओळखून त्यांनी मुद्रणाचा व्यवसाय निश्चित केला. जेम्स १७१७ साली इंग्लंडहून यंत्र आणि खिळे घेऊन परतला होताच. बाराव्या वर्षी बेंजामिनने करारनाम्यावर सही केली. एकविसाव्या वर्षापर्यंत उमेदवारी करायची होती, आणि कारागिराचा रोज मिळायचा तो फक्त शेवटच्या वर्षी!

खिळे जुळविता जुळविता शुद्धलेखन आणि विरामचिन्हे त्याच्या हातात बसली. एका मित्राशी चाललेल्या वादाची त्याची पत्रे वडिलांच्या हाती पडली, तेव्हा त्यांनी ही शुद्धता मान्य केली. मात्र मांडणीत सफाई व स्पष्टता नाही, हेही उदाहरणे देऊन दाखविले. मुलाला ते पटले. त्याच सुमारास लंडनच्या ‘स्पेक्टेटर’ या नियतकालिकाचा एक सुटा खंड त्याला मिळाला. त्यातील लेख वाचून प्रत्येक वाक्याचे सूत्र तो दोन-चार शब्दांत टिपून ठेवी. काही दिवस गेले की पुस्तक मिटून तो लेख आपल्या शब्दांत पुन्हा लिही आणि मुळाशी ताडून चुका सुधारी. कधी टिपणे मुद्दाम उलटसुलट करून काही आठवड्यांनी त्यांचा क्रम लावी. या अभ्यासासाठी रात्र, कामापूर्वीची पहाट आणि रविवार एवढाच वेळ त्याच्या हाती होता.

सोळाव्या वर्षाच्या सुमारास थॉमस ट्रायन या लेखकाचे पुस्तक वाचून त्याने मांसाहार सोडला. जेम्सचे स्वतःचे घर नव्हते; तो आणि त्याची माणसे दुसऱ्या कुटुंबाकडे पैसे देऊन जेवत. बेंजामिनने भावाला सुचविले की, माझ्या जेवणाची निम्मीच रक्कम मला द्या, माझे मी पाहीन. जेम्सने तत्काळ मान्य केले. उकडलेले बटाटे वा भात यांवर भागवून त्या निम्म्यातूनही निम्मे पैसे उरत, आणि त्यांची पुस्तके येत. मंडळी जेवायला गेली की पाव, मूठभर मनुका आणि पाणी एवढ्यावर त्याचे जेवण उरके व उरलेला वेळ वाचनात जाई. शाळेत दोनदा हुकलेले अंकगणित त्याने याच काळात स्वतः शिकून घेतले. (पुढे हा नियम मोडला, हेही त्याने लपविलेले नाही.)

१७२१ साली जेम्सने ‘न्यू इंग्लंड कूरंट’ हे वृत्तपत्र सुरू केले. आपले लिखाण भाऊ छापणार नाही, अशी बेंजामिनला शंका होती. म्हणून त्याने अक्षर बदलून एका विधवेच्या नावाने पत्र लिहिले आणि रात्री छापखान्याच्या दाराखालून आत सरकविले. जेम्सच्या मित्रमंडळींनी ते वाखाणले आणि लेखक म्हणून गावातल्या विद्वानांची नावे घेतली. १७२२ मध्ये अशी चौदा पत्रे छापली गेली. गुपित फुटल्यावर मित्र कौतुक करू लागले, जेम्सला मात्र ते रुचले नाही. धाकटा डोक्यावर बसेल असे त्याला वाटले. तो भाऊ असूनही मालकासारखा वागे आणि रागात हात उगारी.

तरीही त्याच वर्षी सरकारला झोंबलेल्या मजकुरापायी जेम्स महिनाभर तुरुंगात गेला, तेव्हा सोळा वर्षांच्या बेंजामिनने वृत्तपत्र चालविले. पुढे जेम्सला ‘कूरंट’ काढण्यास मनाई झाली. तेव्हा पत्रावर बेंजामिनचे नाव घालावयाचे ठरले. उमेदवाराच्या नावाआड मालकच छापतो, असा आक्षेप येऊ नये म्हणून जुन्या करारनाम्यावर मुक्ततेचा शेरा लिहिला गेला आणि उरलेल्या मुदतीचा नवा करार गुप्तपणे झाला.

पुन्हा भांडण झाले, तेव्हा बेंजामिनने नेमका हाच पेच वापरला. भाऊ गुप्त कागद बाहेर काढू शकणार नाही हे जाणून तो मोकळा झाला. जेम्सने गावातील सर्व मुद्रकांना सांगून त्याला काम मिळू दिले नाही. १७२३ साली पुस्तके विकून सतरा वर्षांचा मुलगा गुपचूप बोस्टन सोडून निघाला आणि न्यूयॉर्कमार्गे फिलाडेल्फियाला पोहोचला. मार खाल्ल्याचा राग खरा होता. पण भावाच्या अडचणीचा फायदा घेणे गैर होते, असे त्याने पुढे आत्मचरित्रात लिहिले, आणि त्यासाठी शब्द वापरला छापखान्यातलाच: मुद्रणदोष.

सात महिन्यांनी तो नवा पोशाख आणि घड्याळ मिरवीत भावाच्या छापखान्यात आला. कारागिरांपुढे चांदीची नाणी पसरली, बक्षिसीही दिली. जेम्सने त्याला नखशिखान्त न्याहाळले आणि पुन्हा कामाला हात घातला. नोकरांसमोर झालेला हा अपमान त्याच्या मनातून पुष्कळ वर्षे गेला नाही.

१७३३ मध्ये बेंजामिन न्यूपोर्टला गेला. जेम्सचा छापखाना आता तेथे होता. प्रकृती ढासळत चालली होती. जुने सारे विसरून भेट झाली. माझ्यामागे माझ्या मुलाला घेऊन जा आणि मुद्रणाचे काम शिकव, एवढेच जेम्सने मागितले. १७३५ मध्ये तो वारला. बेंजामिनने पुतण्याला आधी काही वर्षे शाळेत घातले, मग छापखान्यात घेतले. इकडे न्यूपोर्टचा छापखाना मुलाची आई अॅन हिने चालविला. मुलगा कर्तासवरता झाला तेव्हा वडिलांचे खिळे झिजून गेले होते. काकाने त्याला नव्या खिळ्यांचा संच दिला.