भाड्याचा ट्रॅक्टर आणि नंबराची वही

गेल्या महिनाभरात तीन गावांच्या गटांतून आम्हाला एकच प्रश्न आला: "तुमच्या गटानं ट्रॅक्टर घेतला, तो भाड्यानं चालवता. परवडतं का? आम्ही घ्यावा का?" फोनवर दोन मिनिटांत सांगण्यासारखं हे नाही, म्हणून आजचं बोलणं त्यावरच. जिथं आम्ही चुकलो तेही सांगतो, कारण त्याची किंमत आम्ही मोजलेली आहे.

आम्ही अकरा जणी. गाव धाराशिव जिल्ह्यातलं, बहुतेक जमीन कोरडवाहू. खरिपाला सोयाबीन आणि तूर, रब्बीला हरभरा आणि ज्वारी. तीन वर्षांपूर्वी गटाच्या बचतीतले दोन लाख आणि बँकेचं सहा लाख कर्ज असं करून ट्रॅक्टर, रोटर, मोगडा आणि पेरणी यंत्र घेतलं. ट्रॅक्टर दारात आला त्या दिवशी हळदीकुंकू लावताना आम्हाला वाटलं, आता रोज पैसा येणार.

रोज येत नाही. हे पहिलं समजून घ्या. मार्च ते मे नांगरट आणि मोगडा, जूनमध्ये रोटर आणि पेरणी. मग जुलै-ऑगस्टला ट्रॅक्टर शेडमध्ये उभा, कारण कोळपणी बैलावर आणि खुरपणी आपल्या हातावर. दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची मळणी आणि लगेच रब्बीची पेरणी. नंतर तूर, हरभऱ्याची मळणी. म्हणजे वर्षाची कमाई दोन-तीन गर्दीच्या दिवसांत अडकलेली असते. आणि ती गर्दी ठरवतो वाफसा.

वाफसा तुम्हाला आम्ही काय सांगणार. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा आणि टाकला की फुटावा, इतकीच ओल. त्याआधी रोटर घातला तर चिखलाची ढेकळं होतात, उशीर झाला तर बी वरच्या कोरड्यात पडतं. अख्ख्या गावाला तेच चार-सहा दिवस हवे असतात आणि ट्रॅक्टर मोजकेच. मग कुणाच्या शेतात आधी जायचं?

पहिल्या वर्षी आम्ही हा प्रश्न विचारलाच नाही. ज्याचा फोन आधी, ज्याचा आवाज मोठा, त्याचं काम आधी. पंधरा एकरवाल्याकडे गेलं की दोन दिवस एकाच जागी काम, म्हणून ड्रायव्हरही खूश. त्या रब्बीला आमच्याच गटातल्या एका काकूंचा तीस गुंठ्यांचा तुकडा राहून गेला. वाफसा उडाल्यावर हरभरा पेरला, तो विरळ उगवला. पुढच्या बैठकीत काकू एवढंच बोलल्या, "माझ्या बचतीच्या पैशातला ट्रॅक्टर माझ्या बांधावरनं तीनदा गेला." त्या दिवशी कुणी चहाला हात लावला नाही.

आता काकूंचा तुकडा का राहिला, ते नुसत्या माणुसकीनं समजत नाही, आकड्यानं समजतं. आमच्या वहीतला हिशेब सांगतो. तुमच्याकडे दर वेगळे असतील, पण मांडणी हीच ठेवा.

वर्षाचा बसता खर्च, म्हणजे ट्रॅक्टर हलला नाही तरी होणारा: घसारा ५० हजार, व्याज पहिल्या वर्षी ६० हजार, विमा १० हजार. एकूण १ लाख २० हजार. घसारा हा शब्द बायकांना नवा वाटतो. आठ लाखांची यंत्रं दहा वर्षांनी विकली तर तीन लाख येतील असं धरलं, तर पाच लाख झिजले, वर्षाला ५० हजार. ते पैसे कुणी मागायला येत नाही, म्हणून पुष्कळ ट्रॅक्टरवाले ते धरतच नाहीत आणि दहा वर्षांनी हातात भंगार राहतं.

चालता खर्च तासाला: रोटर मारताना डिझेल साधारण सहा लिटर, ५५० रुपये. ड्रायव्हर १५०. ऑइल, फिल्टर, दुरुस्ती ८०. रोटरची पाती झिजतात त्याचे ८०. झाले ८६०. मोकळ्या शेतात तासाला एक एकर रोटर होतो आणि एकराला आम्ही १८०० घेतो.

वर्षात ट्रॅक्टर ५०० तास चालला तर बसता खर्च तासाला २४० पडतो, एकूण ११००, उरले ७००. तोच २५० तास चालला तर बसता खर्च ४८०, एकूण १३४०, उरले ४६०. म्हणून ट्रॅक्टर किती एचपीचा घ्यायचा याच्या आधी तो किती तास चालेल हे विचारा.

आता काकूंसारखा एक लहान तुकडा घ्या. चार किलोमीटरवर वीस गुंठे. बिल ९०० रुपये. रोटर अर्धा तास चालला, ४३० रुपये. जाऊन-येऊन अर्धा तास, डिझेल आणि ड्रायव्हर मिळून २५५. एका तासाचा बसता खर्च २४०. झाले ९२५. म्हणजे २५ रुपये खिशातून गेले. ड्रायव्हर काकूंच्या बांधावरून का पुढे जात होता, ते इथं दिसतं. तो वाईट नव्हता, आणि कुठलाही खाजगी ट्रॅक्टरवाला हेच करतो. लहान तुकडा बहुतेक वेळा एकट्या बाईचा, विधवेचा किंवा वाटणीत मागे राहिलेल्याचा असतो, एवढंच.

पण त्याच शिवारातले वीस-वीस गुंठ्यांचे चार तुकडे एका फेरीत केले तर? दोन एकर झालं, बिल ३६००. दोन तासांचे १७२०, जाण्या-येण्याचे २५५, बांध ओलांडण्यात आणि वळणांत जादा अर्धा तास गेला त्याचे ४३०, तीन तासांचा बसता खर्च ७२०. एकूण ३१२५. उरले ४७५. मोठ्या शेताइतके नाहीत, पण तोटा गेला आणि चार घरांची पेरणी वेळेवर झाली.

म्हणून आम्ही नंबराची वही केली. नंबर माणसाचा नाही, शिवाराचा. पावसाआधीच प्रत्येक शिवारातली नावं, गुंठे आणि जमीन हलकी की भारी हे लिहून घेतो. हलक्या रानात वाफसा आधी येतो, भारी काळ्या रानात दोन-तीन दिवस मागाहून. त्याच क्रमानं ट्रॅक्टर फिरतो. यामुळे भांडणं निम्मी झाली, कारण "त्यांचं आधी का" याचं उत्तर माती देते. उरलेली निम्मी आहेतच. पंधरा एकरवाले पहिल्या वर्षी रागावून दुसरीकडे गेले होते. त्यांचं जूनमधलं काम गेलं ते आम्ही सोसलं. उन्हाळ्यातली नांगरट मात्र आता तेच आमच्याकडून करून घेतात, तेव्हा घाई नसते.

मोजणीवरूनही कटकट होते. मालक म्हणतो दीड एकर, ड्रायव्हर म्हणतो दोन. सातबारावर पोटखराबाही असतो, त्यामुळे कागदावरचं क्षेत्र आणि कसलेलं क्षेत्र एक नसतं. आम्ही मोबाइलवरच्या मोजणीच्या ॲपनं बांधाबांधानं चालून क्षेत्र काढतो, मालकाला सोबत घेऊन. एकदा मोजलं की वहीत कायमचं लिहिलं. एकरावर दर असला की ड्रायव्हर पळवतो आणि रोटर उथळ जातो, हेही लक्षात ठेवा. आमच्यातली एक जण बांधावर जाऊन काडीनं खोली बघते. तासावर दर ठेवला तर उलट, काम रेंगाळतं. दगड-झाडांच्या रानात आम्ही तासावर घेतो, बाकी एकरावर.

आता उधारी. खरं सांगायचं तर आमचा गट डिझेलनं नाही, उधारीनं बुडायला निघाला होता. पहिला सहामाही हप्ता ७८ हजारांचा होता. हातात ३१ हजार. बाकी सगळं "सोयाबीन विकल्यावर देतो" मध्ये. डिझेल आपण पंपावर रोख घेतो आणि काम उधार करतो, म्हणजे दुसऱ्याच्या पेरणीला आपणच कर्ज देतो, तेही बिनव्याजी. हप्ता भरायला गटाची बचत काढली. त्या महिन्यात एका वहिनींना मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी गटातून कर्ज हवं होतं, ते देता आलं नाही. त्यांनी बाहेरून महिना पाच टक्क्यांनी उचललं. ट्रॅक्टर शेडमध्ये उभा आणि आपली बाई सावकाराच्या दारात, हे आम्ही विसरत नाही.

यादी काढली तेव्हा सगळ्यात जुनी उधारी आमच्याच घरांची निघाली. नवरा, दीर, सासरे म्हणायचे, "घरचाच ट्रॅक्टर आहे की." आम्हीही गप्प बसायचो. आता नियम एकच: डिझेलचे पैसे, म्हणजे निम्मे, बांधावर ट्रॅक्टर उतरायच्या आधी. बाकीचे मालाचं माप झालं की आठ दिवसांत. मागचं फिटल्याशिवाय पुढचा नंबर नाही. सदस्याच्या घरालाही हाच नियम. ज्या बायकांना एकदम जमत नाही, त्या दर आठवड्याच्या बैठकीत शंभर-दोनशे करून फेडतात, आणि अशा बायकांचं एकही खातं आजवर बुडालेलं नाही.

ड्रायव्हरबाबत दोन गोष्टी. सकाळी आणि संध्याकाळी तास-मीटरचा आकडा लिहा, टाकी भरून ठेवा, म्हणजे डिझेल किती तासांत किती गेलं ते कळतं. विश्वास आहे म्हणून लिहायचं नाही असं करू नका, वही असली की विश्वास टिकतो. दुसरं, ट्रॅक्टर चालवायला हलक्या मोटार वाहनाचा परवाना लागतो. आमच्यातल्या एका काकूंच्या सुनेनं तो काढला आणि आता मोगडा, पेरणी तीच करते. पहिले आठ दिवस पारावरची माणसं बघायला यायची. आता वेळेवर आली नाही की तेच फोन करतात.

विमा नीट वाचून घ्या. शेतीच्या ट्रॅक्टरला बसायला जागा एकच, चालकाची. मडगार्डवर किंवा ट्रॉलीत माणसं बसवली आणि काही झालं तर भरपाई मिळणं अवघड होतं. ट्रॉलीची नोंदणी आणि विमा वेगळा. विटा-वाळूची भाडी ओढायचा मोह होतो, शेतीच्या पॉलिसीवर ते करू नका. आपण भाड्यानं शेतीकाम करणार हे विमा घेतानाच सांगा आणि लेखी घ्या.

आणि पदराचं. मळणी यंत्राला, आपल्या हडंब्याला, ट्रॅक्टरच्या मागून फिरणारा जो दांडा जोडतात, तो मिनिटाला ५४० फेरे घेतो. म्हणजे एका सेकंदात नऊ. पदर अडकला हे कळेपर्यंत माणूस ओढला गेलेला असतो. गेल्या वर्षी आमच्या एका मावशींची ओढणीसारखी बांधलेली टॉवेलची गाठ अडकली, गाठ सुटली म्हणून त्या वाचल्या. त्या दिवसापासून दांड्यावर आवरण नसेल तर मळणी सुरू होत नाही. पदर खोचून वरून शर्ट, केस बांधलेले. काड अडकलं तर आधी इंजिन बंद, मग हात. घाई कितीही असो.

अनुदानाचं विचारलंत. कृषी यांत्रिकीकरण योजनेत महिला शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी किमतीच्या ५० टक्के, जास्तीत जास्त सव्वा लाख, अशी तरतूद आहे. अर्ज महाडीबीटीवर करायचा. पूर्वसंमतीचं पत्र हातात आल्यावरच खरेदी करायची. आम्ही आधी ट्रॅक्टर आणला, मग चौकशीला गेलो, आणि अनुदान हुकलं. अर्जाला सातबारा आपल्या नावाचा लागतो, आणि आमच्या अकरा जणींत तो फक्त दोघींच्या नावावर होता. लक्ष्मी मुक्ती योजनेतून नवऱ्याच्या सातबारावर बायकोचं सहहिस्सेदार म्हणून नाव लागतं. तलाठ्याकडे चौकशी करा. आमच्यातल्या चौघींनी लावून घेतलं. ट्रॅक्टर नसला घ्यायचा तरी हे कराच.

मग घ्यावा का? गावातले ट्रॅक्टर मोजा. किती एकर काम त्यांच्याकडून सुटतं ते घरोघरी विचारून लिहा. २५०-३०० तासांचं काम दिसत नसेल तर कर्ज काढू नका. शेजारच्या गावातल्या गटाकडे ट्रॅक्टर नाही, पण वही आहे. त्या शिवारवार लहान तुकडे गोळा करतात, वीस-पंचवीस एकर झाले की एका ट्रॅक्टरवाल्याला बोलावतात. त्याला एका जागी काम मिळतं, तो गटाला एकरामागे १०० रुपये देतो आणि बायकांची पेरणी वेळेवर होते. हप्ता नाही, पाती नाहीत, ड्रायव्हर नाही.

आमची यंदाची वही भरत आली आहे. काकूंच्या शिवाराचा नंबर पहिला लागला. त्यांची जमीन हलकी, तिथं वाफसा सगळ्यांच्या आधी येतो.