दंड मोठा, पट्टा अपुरा

दवाखान्यात बीपीचं यंत्र असतं आणि त्याला पट्टा बहुधा एकच. जबलपूरच्या महाराजपुरात काय किंवा वर्ध्यात काय, समोर येणारे दंड मात्र एका मापाचे नसतात.

ही अडचण यंत्राइतकीच जुनी. इटलीच्या रिव्हा-रोचीने 1896 मध्ये दंडावर बांधायचा पट्टा आणला, तो जेमतेम 5 सेंटिमीटर रुंद होता. त्यावर रक्तदाब फुगून दिसतो, हे फॉन रेकलिंगहाउझेन या जर्मन वैद्यकाने 1901 मध्येच दाखवलं आणि पट्टा रुंद केला.

पट्ट्यातली हवा धमनीला थेट दाबत नाही. आधी चरबी आणि स्नायू दाबले जातात. पट्टा अपुरा असला की दाब वाटेतच विरतो. धमनी मिटवायला मग जास्त हवा भरावी लागते आणि यंत्र तीही रक्तदाबात धरतं.

हा फरक किरकोळ नाही. अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी 195 प्रौढांवर केलेली चाचणी 2023 मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांना सर्वांत मोठा पट्टा लागत होता, त्यांना नेहमीचा बांधल्यावर वरचा आकडा सरासरी 19.5 ने जास्त आला. म्हणजे 125 चे झाले जवळपास 145. आपल्याकडे 140/90 च्या पुढे गेलेला माणूस रुग्ण ठरतो. जाड माणसाचं बीपी जास्तच असणार, असं सगळ्यांनी आधीच धरलेलं असतं, त्यामुळे त्या आकड्यावर शंका कोण घेणार? लठ्ठपणाने रक्तदाब खरोखरही वाढतो, म्हणून सरसकट वीस वजा करून चालत नाही. पुन्हा मोजावंच लागतं.

त्यासाठी आधी हवी शिंप्याची टेप. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर 27 ते 34 सेंटिमीटर असेल तर नेहमीचा पट्टा, 35 ते 44 ला मोठा, त्यापुढे मांडीसाठीचा. एवढी टेप प्रत्येक दवाखान्यात का नसावी, हे मला कळत नाही.

काही दंड कोपराकडे एकदम निमुळते होतात. त्यावर सरळ पट्टा खालून सैल राहतो. त्यांच्यासाठी शंकूच्या आकाराचे पट्टे निघाले आहेत. तेही नसतील तर मनगटावर मोजतात, पण तो आकडा तितका भरवशाचा नसतो. शिवाय मनगट छातीच्या पातळीवर धरावं लागतं. 10 सेंटिमीटर खाली राहिलं तरी आकडा सात-आठने चढतो.