होडीत एकटे असताना मोठा मासा गळाला लागला तर?

नांदेडजवळ गोदावरीवर विष्णुपुरीचा जलाशय आहे. अशा धरणांत सोडलेला कटला दहा किलोंच्याही पुढे वाढू शकतो. होडीत माणूस एकटा असेल, तर मासा सुटण्यापेक्षा होडी उलटण्याचा धोका मोठा असतो. माणूस ज्या बाजूला वाकतो, त्याच बाजूला मासाही ओढत असतो.

म्हणून उभं राहू नये, मधोमध बसावं. दोरी हाताला गुंडाळू नये, माशाने ओढ घेतली की ती बोटं कापते. मासा पळेल तेवढी दोरी सोडावी, त्याला दमू द्यावं. तो आडवा झाला की जाळी आधीच पाण्यात धरून त्याला डोक्याकडून आत घ्यावं. शेपटीकडून जाळी लावली, तर तो उसळी मारून पुढे निसटतो.

लाइफ जॅकेट अंगात हवंच. होडी कलू लागली, तर सरळ दोरी कापावी.