जेटीवर नेट आले, आता थाळी हलवू नका!



जेटीवरच्या ऑफिसात बिनतारी ब्रॉडबँड सुरू झाले. छपरावरच्या पाइपाला लावलेली पांढरी थाळी टीव्हीची नव्हे. नदीपलीकडच्या डोंगरावर टॉवर आहे, तिथून ती इंटरनेट घेते. अंतर सुमारे 3 किलोमीटर. बऱ्याच जणांनी विचारले, म्हणून लिहितो.

थाळीला टॉवर नुसता दिसून भागत नाही. आमची लाइन 5.8 गिगाहर्ट्झवर चालते. एवढ्या अंतरात मधोमध सरळ रेषेच्या चारी बाजूंनी सुमारे 6 मीटरपर्यंत लहरी पसरतात. त्यातली निम्म्याहून जास्त जागा मोकळी लागते. बंदीत ट्रॉलर जेटीला लागले की त्यांच्या डोलकाठ्या आड येतात. पावसात भिजलेली माडाची झावळेही सिग्नल खातात. म्हणून पाइप उंच घेतला, आणि ट्रॉलर जेटीला असतानाच सिग्नल तपासला.

सिग्नलचा आकडा वजा असतो. शून्याच्या जितका जवळ, तितका चांगला. 3 ने सुधारला की ताकद दुप्पट. आमच्याकडे थाळी फिरवताना पहिल्यांदा -74 आले. कोणालाही वाटेल, झाले काम. पण तो बाजूचा फसवा सिग्नल होता. थाळी आणखी सरकवल्यावर आकडा आधी पडला, मग -59 वर आला. म्हणून आधी आडवी, मग वर-खाली, अगदी थोडी थोडी फिरवायची. दर वेळी काही सेकंद थांबायचे. आकडा उतरेपर्यंत दोन्ही बाजूंना जायचे आणि मधे परत यायचे. नट आळीपाळीने आवळायचे, कारण आवळतानाही थाळी सरकते.

पाण्यावरून लहरी परावर्तित होतात, त्यामुळे भरतीला आणि ओहोटीला आकडा वेगळा येऊ शकतो. आम्ही दोन्ही वेळा पाहिला, मगच काम संपवले.

खाऱ्या वाऱ्यात साधे लोखंड टिकत नाही, म्हणून क्लॅम्प स्टेनलेस स्टीलचे घेतले. केबल भिंतीत शिरण्याआधी खाली झोळ दिला, म्हणजे पाणी तिथेच गळते. अर्थिंगही केले आहे.

हा खटाटोप कशासाठी? 31 जुलैला बंदी संपते. ऑगस्टात दर्या अजून खवळलेला असतो. हवामान खात्याचा वादळाचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉईसची उंच लाटांची सूचना वेळेवर वाचता आली पाहिजे. लिलावाच्या गर्दीत मोबाईलला रेंज मिळत नाही, हे सर्वांना माहीत आहे. समुद्रात हे नेट पोचणार नाही. तिथे वायरलेस सेटच. इशारा आला की ऑफिसातून सेटवर सांगू, तेव्हा सेट चालू ठेवा.

तीन विनंत्या:
👉 पाइपाला दोरी, जाळे, झेंडा बांधू नये.
👉 ऑफिसातल्या थाळीच्या अडॅप्टरचा प्लग काढून मोबाईल चार्ज करू नये.
👉 थाळी वाकडी दिसली तर हात न लावता आम्हाला कळवावे.

बोटभर सरकलेल्या थाळीमुळे एखाद्या होडीचा इशारा चुकू नये, एवढेच.