मनाचा प्रथमोपचार



बोट कापले असता रक्त कसे थांबवावे, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु शेजारच्या बाकावरील मित्राचे मन खचले असता काय करावे, हे पदवीधरासही बहुधा ठाऊक नसते. या दुसऱ्या विद्येचे पद्धतशीर शिक्षण बेटी किचनर व टोनी जॉर्म या दांपत्याने २००० साली ऑस्ट्रेलियात सुरू केले. तिलाच मनाचा प्रथमोपचार म्हणतात.

आपल्या भागात उपचाराची सोय नाही असे नव्हे. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासूनचे आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' ही संस्था ठाण्यातच १९९० साली स्थापिली. प्रश्न आहे तो त्या दारापर्यंत नेणाऱ्याचा. डोंबिवलीहून गर्दीच्या गाडीने महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाचा उतरलेला चेहरा प्रथम दिसतो तो डॉक्टरांना नव्हे. सोबत्याला, प्राध्यापकाला, ग्रंथपालाला अथवा शिपायाला. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या निर्देशांत विद्यापीठे, महाविद्यालये व इतर शिक्षणसंस्थांतील सर्व शिक्षक व शिक्षकेतर सेवकांस वर्षातून किमान दोनदा असे शिक्षण द्यावे, असे सांगितले आहे.

या शिक्षणात शिकावयाचे ते काय? झोप, आहार, अभ्यास व माणसांतील वावर यांत झालेला पालट ओळखणे. एकांतात आस्थेने विचारपूस करणे आणि मध्ये न बोलता ऐकणे. जगणे नकोसे झाल्याची भाषा कानी आली, तर जीव देण्याचा विचार मनात येतो काय, हे स्पष्ट शब्दांत विचारणे. विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत चुकीची आहे. उत्तर होकारार्थी आले, तर त्यास एकटे सोडू नये. गुपित राखण्याचे वचन देऊ नये. समुपदेशक वा डॉक्टर यांच्या हाती त्यास सोपवावे. रोगाचे निदान करणे हे आपले काम नव्हे. १४४१६ हा 'टेलि-मानस'चा विनामूल्य दूरध्वनी ऑक्टोबर २०२२ पासून अहोरात्र चालू आहे; त्यावर मराठीतही बोलता येते.

एक गोष्ट कबूल केली पाहिजे. माझ्या वर्गातील एक हुशार मुलगा एकाएकी अबोल झाला होता. मी त्यास बोलावून प्रयत्नांचे महत्त्व तासभर सांगितले. "हो, सर," एवढेच म्हणून तो गेला. पुढे त्याने शाळाच सोडली. त्याला काय होत होते, हे मी विचारलेच नव्हते. उपदेश हा आम्हां शिक्षकांचा जुना रोग. आज तो मुलगा समोर असता, तर मी एकच प्रश्न विचारला असता आणि उरलेला तास गप्प बसलो असतो.

आपल्या घरातून वा शेजारातून कोणी महाविद्यालयात जात असेल, तर आज रात्री जेवताना गुणांविषयी न विचारता, "तुझे कसे चालले आहे?" एवढेच विचारावे, आणि उत्तर पुरते होईपर्यंत थांबावे.