विश्लेषण : ‘स्ट्रिंग ऑफ पर्ल्स’ पावसाळ्यातच का कुजते?

नर्सरीतून हौसेने आणलेली ‘स्ट्रिंग ऑफ पर्ल्स’ची कुंडी उन्हाळा कसाबसा काढते आणि जुलैत बघता बघता पिवळी, चिकट होऊन गळून पडते. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये हे इतके नेहमीचे झाले आहे की, ‘हे झाड आपल्याकडे जगतच नाही’ असे सर्रास म्हटले जाते. ते खरे नाही.

मूळ सवय काय?

शास्त्रीय नाव क्युरिओ रोलियानस. मूळ दक्षिण आफ्रिकेतील कोरड्या प्रदेशाचे, कुळ मात्र झेंडू-शेवंतीचे. तिथे ही वनस्पती झुडपांच्या सावलीत जमिनीवर सरपटते आणि खोड मातीला टेकेल तिथे मुळे धरते. लोंबणे ही आपण तिला लावलेली सवय. मोती म्हणजे तिची पाने. गोल आकारामुळे पृष्ठभाग कमी, त्यामुळे पाणीही कमी उडते. प्रत्येक मोत्यावर एक उभी, अर्धपारदर्शक रेघ असते. त्या ‘खिडकी’तून प्रकाश पानाच्या आत पोहोचतो.

पावसाळ्यात काय बिघडते?

दमट हवेत पानांतून आणि मातीतून पाणी उडण्याचा वेग मंदावतो. त्यात नर्सरीतली रोपे बहुधा निव्वळ कोकोपीटमध्ये असतात, जे पाणी धरून ठेवते. हवा न मिळाल्याने बारीक मुळे गुदमरतात, मग बुरशी येते. दुसरे कारण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. कुंडी छताजवळ टांगली की खिडकीचा उजेड खाली लोंबणाऱ्या सरांवर पडतो, कुंडीच्या तोंडावर मात्र अंधार. सर हिरवेगार दिसत असतात आणि वर खोड कुजत असते. त्यामुळे कुंडी पूर्वेच्या खिडकीत, तोंडावर उजेड पडेल इतकी खाली हवी; दुपारचे कडक ऊन नको.

पाणी कधी घालावे?

‘आठवड्यातून एकदा’ हा सल्ला सरळ विसरावा. मोती टपोरे असतील तर पाणी नको. ते किंचित सुरकुतले, खिडकीची रेघ बारीक झाली, की तहान लागली. पण फसगत इथेच होते, कारण मुळे कुजली तरी मोती सुरकुततातच! म्हणून आधी आइस्क्रीमची काडी कुंडीच्या तळापर्यंत खुपसून पाहावी. काडी कोरडी निघाली तर तळाच्या भोकातून वाहेपर्यंत पाणी द्यावे. ओली निघाली आणि मोती सुकलेले असतील, तर ते पाणी शेवटचे ठरू शकते. भर पावसात दोन पाण्यांमध्ये तीन आठवडेही जाऊ शकतात.

कुजू लागल्यास?

निरोगी सर कापून दोन दिवस सावलीत सुकू द्यावेत. उथळ मातीच्या कुंडीत थोडी माती आणि निम्म्याहून अधिक भरड वाळू किंवा विटांचा चुरा घ्यावा. त्यावर सर वेटोळे करून ठेवावेत आणि केसांच्या पिनांनी टेकवावेत. पेरांतून मुळे फुटतात. (घरात मांजर असल्यास कुंडी तिच्या आवाक्याबाहेर ठेवावी, हे मोती विषारी असतात.)

एवढी उस्तवार नको असेल तर ‘स्ट्रिंग ऑफ हार्ट्स’ अधिक सोशिक. ही सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पांची आफ्रिकन बहीण, दोघीही सेरोपेजियाच. ती जमिनीतल्या कंदात पाणी साठवते आणि वेलीवरही बारीक कंद धरते. त्यातला एखादा मातीवर ठेवला की नवे रोप तयार होते.